सौ. कालिंदी यांचा डबा

मुंबईच्या ऐन मध्यावर एक शांत, समंजस आणि सर्वांना सामावून घेणारं छोटं गाव वसलेलं आहे आणि त्या गावात आजवर कुणाचीही कसलीही वस्तू हरवलेली नाही. हे विधान आमच्या हरिश्चंद्र बिल्डिंगमध्ये सत्यनारायणाच्या पूजेला, बुद्धपौर्णिमेला आणि ईदेच्या दिवशी निरनिराळे लोक करतात आणि दर वेळी टाळ्या पडतात. यंदाच्या मे महिन्यात ते खोटं ठरलं. डबा हरवला.

गाव म्हणजे तीन मजल्यांची एक जुनी इमारत आणि तिच्यासमोरची गल्ली. भोईवाड्यात, कोर्टाच्या मागे. गल्ली पुढे बंद होते, त्यामुळे चुकून शिरलेली टॅक्सी सोडली तर इथे आवाज असा नसतो. भांडणंही फारशी होत नाहीत. कोर्ट इतकं जवळ असल्यावर भांडणं शेवटी कुठे जातात आणि तिथे किती वर्षं राहतात, हे खिडकीतून दिसतं. वस्ती मिश्र आहे. पहिल्या मजल्यावर कारखानीस, त्यांच्या समोर जाधव, वर मुकादम, त्यांच्या बाजूला मालवणचे परब. सगळे एकमेकांच्या सणाला एकमेकांकडे जातात आणि आपल्या घरच्यापेक्षा तिथलं बरं असतं असं घरी येऊन सांगतात.

या सगळ्या सलोख्याचा आधार म्हणजे तो डबा. स्टीलचा, पोटाशी एक पोचा पडलेला, बाजूला टिंबाटिंबांनी नाव कोरलेला: सौ. कालिंदी. झाकण कधीच बसायचं नाही. एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूने उचलायचं, म्हणून त्याला कायम एक फडकं बांधलेलं असे. आमच्याकडचा नियम असा, की शेजाऱ्यांकडून भरून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. नियम बाकी मुंबईतही आहे. पण बाकी मुंबईत भांडं निदान कुणाचं तरी असतं. आमच्याकडे ईदेला मुकादमांकडून शीरखुर्मा घेऊन निघालेला डबा करंज्या घेऊन परत जायचा, तिथून काही दिवसांनी परबांकडे, तिथून खाजं घेऊन आणखी कुठे. कालिंदी नावाची बाई बिल्डिंगमध्ये कुणीच नव्हती. ती कोण, हे कुणी कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर डबा तिला परत द्यावा लागला असता.

बुद्धपौर्णिमेला तो डबा शैला जाधवांकडून खीर घेऊन कारखानिसांकडे आला. खीर संपली, डबा घासून ओट्याखाली ठेवला गेला, आणि तिथे रमाकांत कारखानीस यांची त्याच्यावर नजर पडली.

रमाकांत नुकतेच सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. कचेरीत जुनं काही फेकायची परवानगी नसते. ती हौस आयुष्यभर दाबून ठेवलेली, ती त्यांनी आता घरावर काढली. मोबाइलवर एक जपानी पद्धतीचा व्हिडिओ पाहून त्यांनी घर मोकळं करायला घेतलं होतं. ज्या वस्तूचं झाकण बसत नाही ती वस्तू घरात ठेवू नये, असं त्या व्हिडिओत होतं की रमाकांतनीच काढलेलं अनुमान होतं, हे कळायला मार्ग नाही. मृणालिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या दुपारी अँटॉप हिलला मुलीकडे गेल्या होत्या. गल्लीत बोहारणीची हाक आली. रमाकांतनी तिला वर बोलावलं, ऑफिसची एक चॉकलेटी पँट आणि तो डबा दिला, आणि निळा प्लॅस्टिकचा टब घेतला. सौदा आपण जिंकलो असं त्यांना वाटलं. बोहारणीलाही तसंच वाटलं असावं, कारण ती जाताना त्यांना "साहेब" म्हणाली.

संध्याकाळी मृणालिनीबाई परत आल्या त्या आंबे घेऊन. दुसऱ्या दिवशी त्यांनी आंब्याच्या वड्या थापल्या आणि ओट्याखाली हात घातला.

"अहो, शैलाचा डबा कुठाय?"

"कुठला?"

"कालिंदीचा."

रमाकांतनी अभिमानाने टब दाखवला.

मृणालिनीबाईंनी टबात वाकून पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "जाधवांकडून आलेलं भांडं तुम्ही बोहारणीला दिलंत?"

"झाकण बसत नव्हतं त्याचं."

"झाकण कसलं काढताय! त्यांच्या घरून आलेलं भांडं आपल्याकडून परत गेलं नाही, तर त्याचा अर्थ काय होतो कळतंय का? तुमच्या आजीने काय केलं होतं ते आठवतंय ना? रामदासभावजींच्या आईने दिलेलं ताट बाहेरच ठेवून दिलं होतं. जिन्यात. तुम्हीच सांगितलंत मला."

रमाकांत टबावर बसले. टब थोडा दबला.

रामदास जाधव आणि रमाकांत एकाच बिल्डिंगमध्ये वाढले, एकाच शाळेत गेले. त्यांतले रामदास पुढे विमा कंपनीत ब्रँच मॅनेजर झाले आणि रमाकांत हेडक्लार्क. हे अंतर रमाकांतनी मनाला लावून घेतलं नव्हतं, फक्त विसरले नव्हते. दोघेही रोज संध्याकाळी गेटाजवळच्या बाकड्यावर बसून देश कसा चालवायला हवा हे ठरवत. जिन्यातल्या त्या ताटाबद्दल दोघे कधी बोलले नव्हते. पण ते ताट दोघांनाही माहीत होतं, आणि दोघांना ते माहीत आहे हेही दोघांना माहीत होतं.

"मी आणतो डबा," रमाकांत म्हणाले.

त्या संध्याकाळी बाकड्यावर रामदास आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रमाकांत बोहारणीच्या शोधात निघाले. ती डिलाईल रोडच्या चाळींकडे फिरते असं कुणीतरी सांगितलं. तिकडे त्यांना बोहारणी भेटल्या, पण त्यांची ती नव्हती. त्यातल्या एकीने त्यांच्या अंगावरच्या शर्टाला हात लावून पाहिला आणि एक चाळणी देऊ केली. रमाकांत शर्ट राखून घरी आले. संध्याकाळी बाकड्यावर एकटेच बसले. समोर जाधवांच्या गॅलरीत रामदास दिसले. रमाकांतनी हात केला. रामदासनी पण केला, आणि लगेच आत गेले.

"आत गेला," रमाकांत घरी येऊन म्हणाले. "मला बघून आत गेला."

"जाणारच," मृणालिनीबाई म्हणाल्या. वड्या कडक व्हायला लागल्या होत्या.

मग रमाकांतना कचेरीतला एक रिवाज आठवला. मूळ कागद गहाळ झाला, तर तसाच दुसरा तयार करून फाइलला लावायचा. ते लालबागला भांड्यांच्या दुकानात गेले, सगळे डबे हातात घेऊन पाहिले, आणि त्याच अंगाचा एक उचलला.

"नाव घालायचंय का?" दुकानदाराने विचारलं.

"हो. सौ. कालिंदी."

"पुढे? आडनाव?"

"आडनाव नाही."

दुकानदाराने सुई लावलेलं यंत्र हातात घेतलं आणि रमाकांतकडे नीट पाहिलं. "भेट आहे का? खाली 'सप्रेम' घालू? पुष्कळ जण घालतात."

"नको. काही नको. आणि जरा जुन्या पद्धतीने घाला. वेडंवाकडं."

"वेडंवाकडं?"

"टिंबं टिंबं. घाईत घातल्यासारखं."

"आमच्याकडे वेडंवाकडं घालत नाहीत, साहेब," दुकानदार दुखावून म्हणाला. "वडिलांच्या वेळी घालायचे."

नाव घालून डबा हातात येतो तोच पाठीमागून हाक आली, "काय काका, खरेदी?" वरच्या मजल्यावरचा लवू परब, इलेक्ट्रिशियन, बाजूच्या दुकानातून वायरचं भेंडोळं घेऊन निघाला होता. रमाकांतनी डबा पोटाशी धरला. नाव बाहेरच्या बाजूला आलं. लवूने ते वाचलं, मान डोलावली आणि काही न बोलता निघून गेला. लवू काही न बोलता गेला, याचा अर्थ तो बोलण्यासाठी दुसरीकडे चालला आहे एवढाच असतो. रमाकांत घरी पोचले तेव्हा जिन्यातच जुलेखा मुकादम भेटल्या. "मुबारक हो, कारखानीसभाई," एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरून वर गेल्या.

आता डबा जुना करणं बाकी होतं. चिंच आणि राख लावून तो उलट चकाकायला लागला. पोटाशी पोचा तर पाहिजेच होता. रमाकांतनी लाटण्याने मारून पाहिलं. लाटण्याला खड्डा पडला. शेवटी त्यांनी दुपारच्या सामसुमीत जिन्याच्या वरच्या पायरीवर डबा आडवा ठेवला आणि सोडून दिला.

इतक्या शांत गावात डबा जिन्यावरून गडगडत गेला की काय होतं, याचा विचार त्यांनी केला नव्हता. सगळी दारं उघडली.

"काय पडलं?"

"काही नाही. हातातून सुटला," रमाकांत म्हणाले.

लोक आत गेले. डबा पाहिला तर पोचा पडला होता, पण दुसऱ्याच जागी, बुडाशी. रमाकांतनी थोडा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा सोडला. पुन्हा दारं उघडली.

"परत सुटला?"

"परत."

"आता मी पकडू का खाली उभा राहून?" लवूने वरून विचारलं.

पोचा जमला. पण एका गोष्टीपुढे रमाकांतनी हात टेकले. मृणालिनीबाईंनी वड्या भरल्या, झाकण ठेवलं आणि ते 'टप्प' करून बसलं.

"अहो, हे बसतंय."

"बसतंय म्हणजे?"

"म्हणजे बसतंय. घट्ट."

रमाकांतनी झाकण ओढलं, वाकवलं, वर उभे राहिले. मालच चांगला होता. शेवटी नेहमीचं फडकं वरून तसंच बांधलं आणि दोघं समोरच्या दाराशी गेली. दोन दारांमधलं अंतर गॅलरीच्या रुंदीइतकं. रमाकांतना ते त्या दिवशी फार वाटलं.

शैलाबाईंनी दार उघडलं. "या, भावजी. या, वहिनी. किती दिवसांनी."

आत रामदास खुर्चीवर बसले होते. कमरेला टॉवेल, त्यावर मांडीभर पसरलेलं वर्तमानपत्र. ते उठले नाहीत. रामदास दारातल्या माणसासाठी उठले नाहीत असं कधी झालं नव्हतं.

"हे... तुमचा डबा," रमाकांत म्हणाले. "उशीर झाला जरा."

शैलाबाईंनी फडकं सोडलं. झाकणावर बोट ठेवून दाबलं. दुसरी बाजू उचलली गेली नाही. परत दाबलं.

"भावजी, झाकण बसतंय."

"हो, ते... घासलं ना हिने. चांगलं घासलं."

"घासून झाकण बसतं होय? मग आमचा कुकर पण द्या की वहिनींकडे. महिनाभर शिट्टी नाही त्याला."

मृणालिनीबाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या.

शैलाबाई आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात एक डबा होता. पोटाशी पोचा, टिंबाटिंबांचं नाव, आणि एका बाजूने वर आलेलं झाकण.

रमाकांतनी आधी एका डब्याकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. कचेरीत असं एकदा झालं होतं. मूळ कागद सापडला तेव्हा चौकशी बसली होती.

"जिन्यात भेटली मला ती बोहारीण," शैलाबाई सांगू लागल्या. "टोपलीत वरच हा डबा, आणि डब्यावर तुमची ती चॉकलेटी पँट. म्हटलं, हा एक तर चोरीचा माल आहे, नाहीतर भावजींनी दिलाय. ती म्हणाली, 'नाही बाई, वरच्या साहेबांनी स्वतःहून दिला, फार चांगले साहेब आहेत.' मग काय करणार? ह्यांच्या दोन पँटी दिल्या आणि सोडवून आणला."

"दोन?" रमाकांत दबून गेलेल्या आवाजात म्हणाले. "मी एका पँटीवर डबा देऊन टब घेतला."

"म्हणून तर चांगले साहेब."

"पण मग सांगितलं का नाही, वहिनी?"

"सांगणारच होते. पण तुम्ही शोधायला निघालात. मग लवू येऊन सांगून गेला, काका लालबागला कालिंदीबाईंच्या नावाने डबा करून घेतायत. मग जिन्यावरून डबा आला. एकदा नाही, परत आला. म्हटलं, आता राहू दे. बघू कुठवर जातात."

रमाकांत मित्राकडे वळले. "आणि तू? बाकड्यावर येत नव्हतास. मला बघून आत गेलास."

"पँट कुठाय मला?" रामदास वर्तमानपत्र सावरत म्हणाले. "हिने दोन्ही बऱ्या पँटी देऊन टाकल्या. उरली ती लग्नासाठी शिवलेली, ती घालून बाकड्यावर बसू? नवी महिनाभर टेलरकडे पडलीय. तो म्हणतो सोमवारी. बघतोय चार सोमवार."

"मला वाटलं..." रमाकांत म्हणाले आणि थांबले.

"तुला काय वाटलं ते मला कळलंय," रामदास म्हणाले. "जिन्यावरून डबा पहिल्यांदा आला तेव्हाच कळलं. अरे, ताटासाठी एवढं कुणी केलं असतं तर बरं झालं असतं. डब्यासाठी केलंस. बस आता. उभा का?"

एवढंच ते त्या ताटाविषयी बोलले. रमाकांत बसले. वड्या आल्या. त्या दातांना जड होत्या, पण कुणी तसं म्हणालं नाही.

आता डबे दोन झाले होते आणि त्यामुळे इतक्या वर्षांचा प्रश्न पहिल्यांदाच टेबलावर आला. नव्या डब्याचा मालक रमाकांत. जुन्याचा कोण?

"आम्ही समजत होतो मुकादमांचा," शैलाबाई म्हणाल्या.

जुलेखाबाईंना वरून बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या, "आमचा कसा असेल? नाव बघा की. असली नावं कारखानिसांकडेच. आम्ही तर म्हणत होतो, सासूबाई असतील यांच्या."

"माझ्या सासूबाईंचं नाव द्वारका," मृणालिनीबाई म्हणाल्या. "मी समजत होते परबांचा."

त्यांच्या मागोमाग उतरलेला लवू म्हणाला, "आमच्याकडे कालिंदी? आमच्याकडे बायकांना नावाने हाक मारायला कोणाला वेळ असतो?"

गॅलरीत एव्हाना बरेच जण जमले होते. शांत गावात एवढी गर्दी जमली की भाषण होतं. ते रमाकांतनीच केलं, कारण त्यांच्या अंगावरचं ओझं उतरलं होतं आणि हातात वडी होती. ते म्हणाले, की कालिंदीबाई कोण होत्या हे आपल्याला माहीत नाही, आणि तेच योग्य आहे. कधीकाळी या बिल्डिंगमध्ये एक माउली राहून गेली. तिने आपलं भांडं शेजाऱ्याच्या दारात नेलं आणि परत मागितलं नाही. त्या भांड्याला जात विचारता आली नाही, धर्म विचारता आला नाही. आज आपण जे एक गाव म्हणून नांदतो, त्याची पहिली पाटलीण ती.

जुलेखाबाईंनी डोळे पुसले. लवूनेसुद्धा मोबाइल खिशात ठेवला. रामदास टॉवेल सांभाळत दारापर्यंत आले आणि म्हणाले, "रमाकांत, जिन्यात एक फळी लावू. डबा तिथे ठेवू. खाली लहानशी पाटी."

"'कालिंदीमातेच्या स्मरणार्थ'," रमाकांत म्हणाले.

"मातेच्या नको. बाईंच्या. आपण तिला ओळखत नाही."

फळी कुणाकडे आहे, यावर बोलणं सुरू झालं. लवू म्हणाला, वर बल्ब लावून देतो, त्याचे पैसे नकोत. तेवढ्यात त्याची आई, गंगुबाई परब, जिन्याचा कठडा धरत खाली आल्या. बिल्डिंगमध्ये सगळ्यांत वयस्कर त्याच. ऐकू कमी येतं म्हणून त्यांना कुणी काही विचारत नाही. गर्दी कशाची ते बघायला आल्या होत्या. शैलाबाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं: कालिंदीबाई, माउली, फळी, पाटी, बल्ब.

गंगुबाईंनी जुना डबा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"ह्यो डबो?" त्या म्हणाल्या. "ह्यो तर मीच बोहारणीकडसून घेतलंय. लवूच्या बापाशीच्या सदऱ्यांवर. नाव तेच्यार आधीच होता."

लवूने मोबाइल पुन्हा खिशातून काढला.

"आणि झाकण, काकी?" रमाकांतनी विचारलं.

"ता दुसऱ्याच डब्याचा," गंगुबाई म्हणाल्या. "ह्येचा तिच्याकडे नव्हता."